दुसरा शनिवार, सुतारकामाची खोली

राजारामपुरीतल्या शाळेत सुतारकाम शिकवायचं बंद होऊन
कैक वर्षं झाली.
खोलीत लाकडाचा वास तेवढा अजून हजेरी लावतो.
आम्ही सहाजण, सहा शाळांचे समुपदेशक,
पाचवीच्या बाकांत गुडघे कोंबून बसलेलो.
खोराटे मॅडमनी झेरॉक्स आणलेत,
दर पानावर शेवटची ओळ अर्धी कापलेली.
चहावाला पोरगा दारातून विचारतो, "सहा की सात?"
सात, आम्ही सांगतो. सातवा त्याचा.
शाळेत का नाहीस, हे अजून एकानंही विचारलेलं नाही त्याला.

आज पहिल्याच शब्दावर अडलो.
आघात.
ऐकायलाच घण पडल्यासारखा, मगदूम म्हणाल्या.
नेजदारबाईंनी बावीस वर्षं मराठी शिकवलेलं,
त्या फळ्याकडं गेल्या आणि लिहिलं : पुस्तक.
"पु मुळात लघु. पुढं स्त येतं,
त्याचा आघात बसतो मागच्यावर,
म्हणून पु गुरू धरायचा.
दणका जोडाक्षराचा,
आणि जड होतं ते आधीचं लहान अक्षर."
मग स्वतःच फळा पुसला,
जरा जास्तच वेळ पुसत राहिल्या.

मी माझ्या चौथीतल्या पोराचं सांगितलं.
नाव घ्यायचं नाही, हा आमचा नियम.
पंचगंगा गल्लीत शिरली त्या साली तो बालवाडीत होता,
बापाच्या खांद्यावरून बाहेर आलेला.
अजून रोज दप्तरात आणतो
रेशनकार्ड, लाईटबिल, आईचं आधार,
प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाठ मारून.
एप्रिलातसुद्धा.
कसा आहेस विचारलं की म्हणतो, "बरं हाय की."
आणि आपल्याकडं जखम भरली तरी बरं,
विषय मिटवायचा तरी बरं,
आईनं गप बस म्हटलं तरी बरं.
मी कुठलं बरं लिहून घेऊ वहीत?

यावर बोललं नाही कुणी.
खोराटे मॅडम पुढचा मुद्दा वाचू लागल्या :
अशी मुलं बहुधा भिंतीला पाठ लावून बसतात,
दार दिसेल अशी जागा
आणि पुढची ओळ कापलेली.

मुजावर सर दोन वर्षं त्याच कोपऱ्यात बसतात.
त्यांच्याकडं न बघण्यासाठी
आम्ही सगळ्यांनी कागदात बघितलं.
ते हसले आधी.
"तालमीत होतो मी. सातवीपर्यंत.
लागलं की वस्ताद म्हणायचे, तांबडी माती लाव.
लावली.
जिथं लागलं नव्हतं तिथं पण लावली,
म्हणजे कुठं लागलंय ते कळू नये कुणाला."
एवढंच.
नेजदारबाई एरवी सगळं टिपून घेतात,
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
बाहेर कुणीतरी बुलेटला किक मारत होतं,
सुरूच होत नव्हती ती.
मगदूम उठल्या, आपला बाक ओढत नेला
आणि सरांच्या शेजारी बसल्या, भिंतीला पाठ लावून.
चहा गार झाला होता. प्यायलो तसाच.

सोमवारी मी माझ्या खोलीतली खुर्ची फिरवली,
पोराला दार दिसेल अशी.
त्यानं ते बघितलं, बोलला काही नाही.
कसा आहेस, हे आज विचारलंच नाही.
म्हटलं, "पिशवीत आज काय काय आहे?"
त्यानं गाठ सोडली, दातांनी,
आणि एकेक टेबलावर मांडत गेला.
रेशनकार्ड.
लाईटबिल, मागच्या महिन्याचं, भरलेलं.
आईचं आधार.
आणि निळ्या खडूचा एक तुकडा,
माझ्याच फळ्याखालचा.
"आणि हा कशाला रे?"
"असू दे की," म्हणाला.
"खडू पाण्यात विरघळतोय,
म्हणून त्याला दोन पिशव्या घातल्यात."